री-व्होल्टचं संगीत परत आणताना

गेल्या दिवाळीत नाशिकच्या घरी माळा आवरताना दादाची 'री-व्होल्ट'ची सीडी सापडली. त्याने ती २००० साली घेतली होती. रिमोटवर चालणाऱ्या खेळण्यातल्या गाड्यांची शर्यत! १९९९ साली अक्लेम कंपनीच्या लंडनमधल्या स्टुडिओने हा गेम केला आणि २००४ मध्ये ती कंपनीच दिवाळखोरीत निघाली.

गाडी लहान आहे हे इतकं पटवून देणारा दुसरा रेसिंग गेम मी खेळलेलो नाही. 'टॉइज इन द हूड' या ट्रॅकवर आपण वस्तीतल्या रस्त्यावरून, घरांच्या मधून धावतो. फुटपाथच्या कडेला चाक लागलं की गाडी कोलांटी घेते आणि अँटेना थरथरत राहते. प्रत्येक गाडीचा स्वभाव वेगळा, हातात बसायला वेळ लागतो.

हा गेम माझ्या उबुंटूच्या, म्हणजे लिनक्सवाल्या, लॅपटॉपवर चालवायचाच, असं ठरवलं. त्यासाठी 'आरव्हीजीएल' आहे. चाहत्यांनी मूळ गेमचं इंजिन, म्हणजे गेम चालवणारा प्रोग्राम, नव्याने लिहिलंय, ते फुकट डाउनलोड करता येतं आणि विंडोज, लिनक्स, अँड्रॉइड तिन्हीकडे चालतं. गाड्या आणि ट्रॅक मात्र मूळ गेमचे लागतात. म्हणून दादाच्या जुन्या विंडोजवाल्या कॉम्प्युटरवर सीडीतून गेम इन्स्टॉल केला आणि तयार झालेला फोल्डर पेनड्राइव्हवर घेऊन घरी आलो.

पहिली संध्याकाळ पूर्ण वाया गेली. फायली समोर दिसत होत्या, पण गेमला सापडत नव्हत्या. नंतर लक्षात आलं की विंडोजला फायलीच्या नावात कॅपिटल अक्षरं असली काय नि नसली काय, फरक पडत नाही. लिनक्सला पडतो. आरव्हीजीएलबरोबर यासाठीच 'फिक्स केसेस' नावाची छोटी स्क्रिप्ट, म्हणजे हे काम आपोआप करणारा प्रोग्राम, येते. ती चालवली, सगळी नावं स्मॉल अक्षरांत आली आणि गेम उघडला.

पण मुका. इंजिनाचा आवाज येत होता, टायर करकरत होते, संगीत मात्र नाही. मला तर त्या संगीतासाठीच एवढा खटाटोप करायचा होता.

दादाला फोन केला. तो म्हणाला, "अरे, ती सीडी आपण बाबांच्या सीडी प्लेयरमध्ये लावायचो, आठवतं का?" तिथेच सगळा उलगडा झाला. त्या सीडीवर पहिल्या ट्रॅकमध्ये, म्हणजे सीडीच्या पहिल्या भागात, गेम आहे आणि दुसऱ्यापासून पुढे साधी ऑडिओ सीडीसारखी गाणी. त्या फायली नव्हेतच, त्यामुळे इन्स्टॉल करताना त्या फोल्डरमध्ये येतच नाहीत. जुना गेम खेळताना सीडी आतच ठेवावी लागायची, ती गाणी थेट तिच्यावरूनच वाजायची.

पुढच्या रविवारी पुन्हा नाशिक गाठलं, सीडी घेऊन आलो. शेजारच्या काकांकडून यूएसबीला जोडायचा सीडी ड्राइव्ह मागून आणला. गाणी ओजीजी या प्रकारच्या ऑडिओ फायलींत उतरवायला घेतली, तर एक गाणं ओरखड्यापाशी अडलं. मऊ सुती कापडाने सीडी पुसली, गोल न फिरवता मधून कडेकडे सरळ. मग ड्राइव्हचा वेग कमी करून पुन्हा उतरवलं. तिसऱ्या खेपेला निघालं! गेमच्या फोल्डरमध्ये 'रेडबुक' नावाचा फोल्डर केला आणि त्यात फायली 'ट्रॅक' अधिक दोन आकडी क्रमांक अशा नावांनी ठेवल्या. पहिलं गाणं ०२, कारण ०१ म्हणजे गेम स्वतः. हा क्रमांक चुकवू नका.

मेनू उघडताच ती धून वाजली आणि मी काही वेळ शर्यत सुरूच केली नाही.

जुनी प्रगती अर्थातच गेली होती. बहुतेक गाड्या पुन्हा कुलूपबंद, 'ब्राँझ कप' या पहिल्या स्पर्धेपासून सुरुवात. ते मला आवडलं. परवा दादा आला होता. आरव्हीजीएलमध्ये एकाच स्क्रीनचे भाग करून दोघांना खेळता येतं. त्याने न विचारता 'आरसी बँडिट' ही गाडी घेतली, पंचवीस वर्षांपूर्वीही तो तीच घ्यायचा. शेवटच्या वळणावर त्याने मागून रॉकेट सोडलं आणि माझी गाडी उलटीच्या उलटी हवेत गेली.