मीटरची केबल पुन्हा पुन्हा का तुटते: स्पीडोमीटर ड्राइव्हचा माझा अनुभव

जुन्या मोटारसायकलचा स्पीडोमीटर बंद पडला की हात आधी केबलकडे जातो. मीही आधी केबलच बदलली. नवी केबल सत्तर किलोमीटरही टिकली नाही. दुसऱ्यांदा तुटल्यावर मात्र तुटलेली इनर, म्हणजे केबलच्या आत फिरणारी पिळाची तार, फेकून न देता नीट पाहिली, आणि खरा दोष तिथूनच हाती लागला.

मीटरमध्ये काही अडलं असेल तर इनर पिळून तुटते. तिच्या तारा उसवतात आणि दोरखंडाच्या टोकासारख्या फुलतात. केबल एकाच जागी फार वाकलेली असेल तर इनर तिथेच, आडवी कापल्यासारखी तुटते, आणि तारांचे पीळ जसेच्या तसे राहतात. माझी इनर खालच्या टोकापासून तीन-चार सेंटिमीटरवर अशीच आडवी तुटली होती. म्हणजे दोष मीटरकडे नव्हता, चाकाकडे होता.

तरीही मीटर तपासून घेतलं, कारण त्याला दहा मिनिटंही लागत नाहीत. चुंबकी मीटरमध्ये केबल एक चुंबक फिरवते. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते. तिच्यात भोवरा प्रवाह (फिरत्या चुंबकामुळे धातूत उठणारे विजेचे प्रवाह) तयार होऊन ती चुंबकामागे ओढली जाते आणि बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. या ओढाताणीतून काटा वर जातो. किलोमीटरचे आकडे मात्र चुंबकाच्याच दांड्यावरच्या वर्मने (स्क्रूसारख्या आट्यांच्या गिअरने), दातांनी फिरतात. म्हणून आकडे फिरतात पण काटा हलत नाही, तेव्हा दोष मीटरच्या आत असतो. दोन्ही मेलेले असतील तर आधी केबल आणि ड्राइव्ह, म्हणजे केबल फिरवणारी गिअरची डबी, पाहावी. काटा एकदम शेवटाला जाऊन चिकटत असेल तर बहुधा केबलमधून ग्रीस वर चढून वाटी आणि चुंबक एकमेकांना धरून बसलेले असतात.

डायलवर बारीक अक्षरात एक आकडा असतो. तो जपून लिहून ठेवावा, पुढे सगळा हिशेब त्यावर चालतो. माझ्या मीटरवर १००० होता, म्हणजे एका किलोमीटरला केबलचे १००० फेरे. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर, म्हणून केबल मिनिटाला १००० फेरे फिरली की काटा ६० वर यायला हवा. जुन्या इनरचा १५ सेंटिमीटरचा तुकडा ड्रिलमध्ये धरला, चौकोनी टोक मीटरमध्ये घातलं आणि मिनिटाला सुमारे ६०० फेऱ्यांवर फिरवलं. काटा ३६ च्या आसपास स्थिर राहिला. ड्रिल कोणत्या दिशेने फिरवायचं ते चाक पुढे फिरवून, केबल कुठे वळते ते पाहून आधीच ठरवावं. उलट फिरवलं तर काटा उठत नाही आणि आकडे मागे जातात.

ब्रिटिश गाड्यांच्या स्मिथ्सच्या मीटरवर अनेकदा १६०० दिसतो. तो मैलाला आहे, किलोमीटरला साधारण ९९४ पडतो. जपानी मोटारसायकलींच्या मीटरवर किलोमीटरला १४०० हा आकडा नेहमी भेटतो.

मग ड्राइव्हकडे वळलो. काही गाड्यांवर ती गिअरबॉक्सवर असते, काहींवर मागच्या एक्सलवर. माझ्या गाडीवर पुढच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात आहे. बाहेरची डबी स्थिर असते. तिच्यातल्या चकतीला दोन कान असतात, ते हबच्या खाचांत बसतात आणि चाकाबरोबर चकती फिरवतात. चकतीवरचे दात पिनियनला (लहान गिअरला) फिरवतात आणि पिनियनच्या चौकोनी भोकात केबल बसते. डबी चाकाबरोबर फिरू नये म्हणून तिच्यावरची खाच फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांच्या) अडणीत अडकते.

पुढचं चाक उचललं, केबल वरच्या टोकाला सोडली आणि चाक हाताने फिरवलं. नवी इनर फिरत होती, पण चिमटीत हलकेच धरली की थांबायची आणि हबमधून टिक टिक आवाज यायचा. ही खूण महत्त्वाची आहे. मोकळी इनर फिरते म्हणून ड्राइव्ह चांगली आहे असं समजू नये, तिला थोडा भार देऊन पाहावं.

एक्सल काढल्यावर सगळं उघड झालं. चकतीचा एक कान तुटलेला होता आणि दुसरा आडवा चेपला होता. आधीच्या जोडणीत कान खाचेत न बसवता एक्सल आवळला गेला होता. त्यामुळे डबी तिरकी बसली, फोर्कच्या अडणीतून निसटून थोडी फिरली आणि केबलचं तोंड वर न राहता मागे वळलं. नटापासूनच केबलला तीक्ष्ण वाकण पडलं आणि इनर तिथेच तुटत राहिली. केबलला १५० मिलिमीटरपेक्षा कमी त्रिज्येचं वळण देऊ नये, आणि दोन्ही टोकांजवळचे पाच सेंटिमीटर तरी सरळ असावेत.

चेपलेला कान सरळ करायचा मोह टाळावा. वाकून सरळ केलेला पत्रा लवकर तुटतो आणि तुकडा ब्रेकच्या हबमध्ये पडतो. मी पूर्ण ड्राइव्ह नवी घेतली. दिसायला हुबेहूब, कान आणि एक्सलचं भोकही तेच. बसवली, काटा स्थिर चालला, पण ताशी ५० ला ७० दाखवू लागला. दहा किलोमीटरच्या रस्त्यावर आकडे चौदाने पुढे गेले.

इथे मी आधी मोजायला हवं होतं. गाडीवर बसून, टायरमध्ये योग्य हवा भरून, व्हॉल्व्ह जमिनीलगत आणून खडूची खूण केली. दुसऱ्याने गाडी पाच फेरे सरळ ढकलली. टेपवर ९.९५ मीटर आले, म्हणजे एका फेऱ्याला १.९९ मीटर आणि किलोमीटरला सुमारे ५०२ फेरे. १००० च्या मीटरला चाकाच्या एका फेऱ्यात केबलचे दोन फेरे लागतात. इनरच्या टोकाला चिकटपट्टीचा झेंडा लावला आणि चाक दहा वेळा फिरवलं. वीस यायला हवे होते, अठ्ठावीस आले. ड्राइव्ह १४०० च्या मीटरची होती. जुनी डबी हातात धरून चकती फिरवली तर नेमके वीस आले.

एकीचं पिनियन दुसरीच्या चकतीत घालू नये, दातांची जोडी एकमेकांना जुळेल अशीच कापलेली असते. ती ड्राइव्ह बदलून घेतली आणि या वेळी पैसे देण्याआधी चकती दहा वेळा फिरवून फेरे मोजले. फक्त दिसण्यावरून ड्राइव्ह कधीच घेऊ नका.

बसवताना पिनियनच्या दोन्ही टोकांचे वॉशर जागेवर आहेत ना ते पाहिलं. जुनं, मेणासारखं झालेलं ग्रीस रॉकेलने धुऊन नवं भरलं, तेही बोटाच्या पेरावर मावेल इतकंच. जास्त भरलेलं ग्रीस गरम झालं की ब्रेक शूजवर जातं. ब्रेक निकामी होण्याचा तो धोका कोणत्याही मीटरपेक्षा मोठा आहे. कान खाचांत बसवताना डबी हबवर दाबून धरायची आणि चाक हळूहळू फिरवायचं. कान बसले की डबी एकदम आत जाते, हाताला कळतं. हब आणि डबीमध्ये दोन-तीन मिलिमीटर फट दिसत असेल तर एक्सलला पाना लावू नये.

डबीची खाच अडणीत घातली, केबल जोडून तिचा सरळ मार्ग ठरवला आणि मगच एक्सल आवळला. इनरला पातळ ग्रीस लावलं, पण मीटरकडची १५ ते २० सेंटिमीटर पुसून कोरडी ठेवली. वरच्या टोकाला इनर सुमारे १० मिलिमीटर बाहेर असावी. जास्त असेल तर ती मीटरच्या दांड्याला दाबते आणि काटा थरथरतो. मीटरचा नट हातानेच घट्ट केला.

वर जोडण्याआधी इनर पुन्हा चिमटीत धरून चाक फिरवलं. या वेळी ती थांबली नाही, बोटांतून निसटून फिरत राहिली.