बुटाच्या तळात भूर्जाची साल

स्वीडनमध्ये आल्यापासून हिवाळा संपताना, बर्फ वितळायला लागला की, माझे पाय ओले आणि डोकं गरम. परवा इथल्या एका बूट शिवणाऱ्या आजोबांकडे उसवलेला जुना कातडी बूट पाहिला. तळाच्या दोन चामड्यांमध्ये चक्क भूर्जाच्या सालीचे पातळ पदर! सालीतल्या सुबेरिन, बेट्युलिन या पाण्याला न जुमानणाऱ्या नैसर्गिक द्रव्यांमुळे पाणी आत शिरत नाही आणि ती लवकर कुजतही नाही. जुन्या घरांच्या मातीच्या छपराखालीही हीच साल अंथरायचे. पण नुसती साल पुरत नाही. दोराही डांबर-मेणात माखलेला हवा, नाहीतर पाणी टाक्यांच्या भोकांतून येणारच. उत्तरेकडचे सामी लोक बुटात चेचून वाळवलेलं गवत भरत, ते मात्र उबेसाठी आणि घाम टिपायला. माझे महागडे रबरी बूट आतूनच भिजतात!