बूटनंतर ३० सेकंदांनी टचस्क्रीन बंद का पडते?

लिनक्स चालवणारा बोर्ड चालू होतो, टचस्क्रीन व्यवस्थित चालते आणि अर्ध्या मिनिटात गप्प होते. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) नोंदींमध्ये, टचस्क्रीनशी बोलणाऱ्या आयटूसी जोडणीचे −६ किंवा −१२१ एरर येऊ लागतात. मग केबल बदलली जाते, पुलअप रेझिस्टर तपासले जातात. पण ३० सेकंदांचा हा ठरलेला आकडा लिनक्सच्या रेग्युलेटर फ्रेमवर्कचा, म्हणजे चिपांचा वीजपुरवठा सांभाळणाऱ्या भागाचा आहे.

२००८ मध्ये २.६.२७ कर्नलसोबत आलेल्या या फ्रेमवर्कचा हिशेब सरळ आहे: ज्याला वीज हवी त्या ड्रायव्हरने (उपकरण चालवणाऱ्या कोडने) ती मागायची, कर्नल मोजणी ठेवणार. बूटच्या शेवटी, उशिरा लोड होणाऱ्या मॉड्यूलना सवड म्हणून कर्नल ३० सेकंद थांबतो. तोवर ज्या रेलला (वीज पुरवणाऱ्या लाइनला) कोणी मागितलं नाही, ती बंद. कर्नलच्या आधी चालणाऱ्या बूटलोडरने चालू ठेवलेली रेलही यातून सुटत नाही.

गुडिक्सचा टच कंट्रोलर घ्या. त्याचा ड्रायव्हर ‘एव्हीडीडी२८’ आणि ‘व्हीडीडीआयओ’ या नावांनी सप्लाय मागतो. डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे बोर्डवरचं हार्डवेअर कर्नलला सांगणाऱ्या फाइलमध्ये, तुम्ही नुसतं ‘व्हीडीडी-सप्लाय’ लिहिलंत, तर ड्रायव्हरला सप्लाय सापडत नाही. गंमत म्हणजे ड्रायव्हरचा प्रोब (उपकरण ताब्यात घेण्याची पायरी) तरीही यशस्वी होतो, कारण कर्नल त्याच्या हातात डमी, म्हणजे नावापुरता रेग्युलेटर देतो. डीमेसेजमध्ये ‘नॉट फाउंड, युझिंग डमी रेग्युलेटर’ ही एक ओळ येते. ती ओळ वाचाच. खरी रेल तोवर मालकाविना चालू असते, आणि मुदत संपली की जाते.

खात्रीसाठी डीबगएफएसमधली (कर्नलच्या तपासणीसाठीच्या फाइल सिस्टिममधली) रेग्युलेटर_समरी ही फाइल उघडा. त्या रेलसमोर ‘यूझ’ आणि ‘ओपन’ दोन्ही शून्य असतील तर निदान पक्कं. नव्या कर्नलमध्ये रेग्युलेटर_इग्नोर_अनयूज्ड हा बूट पॅरामीटर देऊनही पडताळता येतं: मग न मागितलेली रेलही चालू राहते.

इथे सरसकट ‘रेग्युलेटर-ऑलवेज-ऑन’ (रेल कायम चालू) टाकू नका. लक्षण जातं, पण सस्पेंडमध्येही बॅटरी झिजत राहते. ‘बूट-ऑन’नेही काम भागत नाही, ते रेल चालू करतं, मोजणीत धरत नाही. ड्रायव्हर मागतो तेच नाव लिहा, लहान-मोठी अक्षरंही जुळवा.

जीपीआयओने (प्रोसेसरच्या चालू-बंद करता येणाऱ्या पिनने) चालणाऱ्या, ठरावीक व्होल्टेजच्या फिक्स्ड रेग्युलेटरला ‘एनेबल-ॲक्टिव्ह-हाय’ लिहायचं राहिलं, तर पिन उलटी चालते: चालू म्हटलं की बंद. जीपीआयओच्या फ्लॅगमध्ये ॲक्टिव्ह-हाय लिहिलेलं असलं तरी इथे ते धरलं जात नाही. व्होल्टेज मायक्रोव्होल्टमध्ये द्यायचं, म्हणजे ३.३ व्होल्टला ३३०००००.

सीपीयूच्या रेलवर मात्र रॅम्प-डिलेची (व्होल्टेज चढण्याच्या वेगाची) चूक सगळ्यात छळते, कारण ती कधीतरीच दिसते. ०.९ वरून १.२ व्होल्टवर जायचं म्हणजे ३००००० मायक्रोव्होल्ट चढायचे. डिव्हाइस ट्रीत वेग १२५०० मायक्रोव्होल्ट प्रति मायक्रोसेकंद लिहिला, तर कर्नल २४ मायक्रोसेकंद थांबून क्लॉक वाढवतो. वीज देणाऱ्या चिपचा खरा वेग ६००० असेल तर लागतात ५०. उरलेले २६ मायक्रोसेकंद सीपीयू कमी व्होल्टेजवर जास्त क्लॉकने पळतो आणि कुठेही, कसाही अडकतो. वेगाचा आकडा पीएमआयसीच्या (त्याच वीज देणाऱ्या चिपच्या) डेटाशीटमधूनच घ्या, आणि ऑसिलोस्कोपचा प्रोब सीपीयूजवळच्या कपॅसिटरवर ठेवून एकदा मोजून पाहा.