तीन पावलं आत

एकविसाव्या मिनिटाला आमच्या सेंटर बॅकने, म्हणजे गोलसमोरच्या मधल्या बचावपटूने, त्यांच्या स्ट्रायकरला पाडलं, तेव्हा मी उजव्या बाजूने जिवाच्या आकांताने मागे धावत होतो आणि पोचलो नव्हतो. हे आधीच कबूल केलेलं बरं, कारण नंतर सगळ्यांनी बोल त्यालाच लावला. वास्तविक त्याच्या पाठीशी मी असायला हवा होतो. मी होतो पलीकडच्या अर्ध्यात, गोलसमोर क्रॉस टाकून मोकळा झालेला.

फाउल झाला तो पेनल्टी बॉक्सच्या रेषेबाहेर, जेमतेम अर्ध्या पावलावर. आमचा गडी खरोखर चेंडूसाठीच गेला होता. त्यामुळे तोच फाउल आत झाला असता, तर २०१६ पासूनच्या नियमानुसार पेनल्टी आणि पिवळ्या कार्डावर भागलं असतं. बाहेर झाला, आणि गोलची स्पष्ट संधी अडवलेली, म्हणून फ्री किक आणि लाल कार्ड. त्या अर्ध्या पावलापायी आम्ही दहा जण उरलो, आणि सामन्याची सत्तर मिनिटं अजून शिल्लक होती.

बाकावर सेंटर बॅक नव्हता. कोचने आमच्या विंगरला बाहेर बोलावलं, माझ्या जागी राखीव राइट बॅकला, म्हणजे उजव्या बाजूच्या बचावपटूला, आत पाठवलं आणि माझ्याकडे बघून दोन बोटांनी खूण केली : आत सरक. एकतीस वर्षांचा मी, तेरा वर्षं उजव्या बाजूला खेळलेला. माझ्या जागेवर धावत येणारा तो मुलगा वीसचा, आणि शेजारी उरलेला दुसरा सेंटर बॅक एकोणीसचा. राग आला का? आला. पण फ्री किकसाठी भिंत लावायची होती, रागाला वेळ नव्हता.

बचावपटू व्हायचं म्हणून कुणी फुटबॉल खेळायला लागत नाही, निदान मी तरी नाही. अकॅडमीत मी स्ट्रायकर होतो. पंधराव्या वर्षी ‘तात्पुरतं’ म्हणून मला मागे घेतलं, ते कायमचंच. अठराव्या वर्षी लोनवर, म्हणजे उसना, खालच्या डिव्हिजनमध्ये गेलो. तिथे पहिल्याच कॉर्नरला एका पोक्त सेंटर फॉरवर्डने बुटाने माझं पाऊल दाबून धरलं आणि निवांत हेडर मारला. अकॅडमीत हे कुणी शिकवत नाही. पुढे तीन क्लब झाले, मांडीचा स्नायू दोनदा फाटला, आणि गेली दोन वर्षं जीपीएसच्या बनियनमधून निघणारे माझ्या वेगाचे आकडे दर महिन्याला थोडे थोडे उतरत होते. फिटनेस कोच ते मला दाखवायचा नाही, आणि त्यावरूनच मला कळायचं.

बाजूला सरावलेल्या माणसाला कोच आत सरकवतात, हे मला ऐकून ठाऊक होतं. इटलीचा माल्दिनी एसी मिलानमध्ये १९८५ साली सोळाव्या वर्षी उतरला, लेफ्ट बॅक म्हणून जगभर नावाजला आणि पुढची कितीतरी वर्षं सेंटर बॅक म्हणून खेळून २००९ मध्ये थांबला. त्याच्याच देशाचा कियेलिनीही आधी लेफ्ट बॅकच. पण माल्दिनी तो माल्दिनी! शिवाय उंचीनेही मी मार खाणार असं वाटत होतं. मनाची समजूत घालायला मी कान्नाव्हारोला धरून ठेवलं होतं. जेमतेम पावणेसहा फुटांचा सेंटर बॅक. २००६ मध्ये त्याच्या कप्तानीखाली इटलीने विश्वचषक जिंकला, अख्ख्या स्पर्धेत दोनच गोल खाल्ले. त्यातला एक स्वयंगोल, दुसरा फ्रान्सच्या झिदानची पेनल्टी. त्याच वर्षी सर्वोत्तम खेळाडूचा बॅलन डी’ऑरही त्यालाच.

तर त्या दिवशी मी आत उभा राहिलो आणि पहिल्या पाच मिनिटांत कळलं, आपली साइडलाइन गेली. राइट बॅकला ती रेषा म्हणजे फुकटचा जोडीदार. त्या बाजूने कुणी येत नाही, विंगरला तिकडे ढकललं की निम्मं काम झालं. मध्ये चारी बाजू उघड्या. चेंडू बघावा तर स्ट्रायकर पाठीमागे नाहीसा होतो, स्ट्रायकर बघावा तर चेंडू सुटलेला असतो. म्हणून अंग तिरकं ठेवायचं, एक खांदा चेंडूकडे, एक माणसाकडे, आणि दर दोन-तीन सेकंदांनी मान वळवायची. सामना संपेपर्यंत माझी मान पायांपेक्षा जास्त दुखत होती.

छत्तिसाव्या मिनिटाला गोल खाल्ला, आणि तो सर्वस्वी माझा. त्यांच्या मिडफिल्डरने चेंडू मागे दिला. चेंडू मागे गेला की बचावफळीने एकदम वर सरकायचं, हे बाराखडीतलं. एकोणीस वर्षांचा तो पोरगा सरकला, दोन्ही बाजूचे सरकले. मी मात्र राइट बॅकच्या सवयीने एक पाऊल मागे, कुणाला तरी कव्हर देत. पुढचा पास उंचावरून आला, स्ट्रायकर सुटला, पोराने ऑफसाइडसाठी, म्हणजे पास सुटताना तो आमच्या सगळ्या बचावपटूंच्या पुढे होता म्हणून, हात वर केला. लाइन्समनचं निशाण खालीच. माझ्या मागे राहिलेल्या टाचेने त्याला ऑनसाइड ठेवलं होतं. पोरगा काही बोलला नाही, नुसता माझ्या पायांकडे बघत राहिला. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

मध्यंतरात मला वाटलं, आता बाहेर काढणार. कोच शेजारी येऊन बसला. म्हणाला, ‘‘तुला सगळं दिसतं. दिसतं ते स्वतःपाशी का ठेवतोस?’’ एवढंच. उठून गोलकीपरकडे गेला.

खरंच होतं ते. बाजूला खेळताना बोलायची फारशी गरज पडत नाही. हाक येते आणि आपण पळतो. आता हाक मी द्यायची होती. दुसऱ्या अर्ध्यात चार-चारच्या दोन रांगा आणि पुढे एकटा स्ट्रायकर, असे आम्ही खाली बसलो आणि मी बोलायला लागलो. ‘वर!’ ‘थांब!’ ‘मागे माणूस!’ ‘डावीकडे ढकल!’ सुरुवातीला आवाज चोरटा होता, स्वतःलाच परका वाटणारा. मग एकदा मी ‘वर!’ म्हणालो, चौघे एका दमात सरकले आणि त्यांचा स्ट्रायकर ऑफसाइडमध्ये एकटा उभा राहिला. अख्ख्या कारकिर्दीत मी इतकं कमी पळून इतकं काम कधी केलं नव्हतं. शेवटच्या दहा मिनिटांत हात पाठीमागे बांधून, हँडबॉल नको म्हणून, दोन फटके अंगावर घेतले. त्यातल्या एकाचा वळ बरगडीवर आठवडाभर राहिला.

सामना एक-शून्यने हरलो. निकालात दिसतो तो एकच गोल, माझा.

करार त्या मोसमाअखेर संपत होता. शेवटच्या सहा महिन्यांत दुसऱ्या क्लबांशी उघड बोलता येतं, पण बोलायला कुणी आलं नव्हतं. पंधरा दिवसांनी आमच्याच क्लबने वर्षभराची वाढ देऊ केली, पैसे आधीपेक्षा कमी, जागा सेंटर बॅकची. एजंट म्हणाला, थांबू या. मी सही केली.

पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी ड्रेसिंग रूममध्ये फिजिओ सवयीप्रमाणे माझ्या मांडीसाठी बर्फाची पिशवी घेऊन आला. मी हातानेच नको म्हटलं आणि घशाकडे बोट दाखवलं. तोंडातून आवाज फुटत नव्हता. पलीकडे बसलेला एकोणीस वर्षांचा पोरगा बूट सोडता सोडता म्हणाला, ‘‘पिशवी इकडे द्या. यांनी मला दिवसभर पळवलंय.’’