नानांचा चष्मा

भोसरी एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी मेल्टिंगचा इन्चार्ज आहे. गोष्ट जुलैतली. पाऊस तीन दिवस हटला नव्हता. दोनपैकी एक लॅडल, म्हणजे वितळलेलं लोखंड साच्यात ओतायचं भांडं, दुरुस्तीला गेलेली, दुसरीला नुकतंच नवं अस्तर लावलेलं. ते वाळावं म्हणून बर्नर लावून ती तापवत होतो, पण रात्री वीज दोनदा गेली आणि ब्लोअर बराच वेळ बंद राहिला. ब्रेक ड्रमची ऑर्डर अडली होती. साहेबांचा फोन आला, "पहिल्या पाळीत ओतायचंच."

अस्तरात ओल राहिली तर काय होतं, हे ओतकाम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. एक लिटर पाण्याची वाफ साधारण १७०० लिटर जागा मागते. वर १४०० अंशांचं लोखंड असलं तरी ती वाट काढतेच, माणसांच्या अंगावर. माझ्या पाळीत १४ जण.

पहाटे डोळा लागला आणि नाना दिसले. आमचे जुने फोरमन. जाऊन दोन वर्षं झाली. मला हे काम त्यांनीच शिकवलं. ओट्यावर बसले होते. मी म्हटलं, "नाना, ओतू की थांबू?" ते पंच्याने चष्मा पुसत राहिले. पुसायचे, डोळ्यांवर लावायचे, काच पुन्हा धुरकट. परत पुसायचे. मी तीनदा विचारलं, एक शब्द बोलले नाहीत. जाग आली तेव्हा रडू येत होतं. ज्यांच्याकडे धावायचं, तेही गप्प.

सातला शेडमध्ये गेलो. भट्टीत घातलेलं लोखंड वितळत आलं होतं. लॅडल आतून लालबुंद. बघणारा म्हणेल, कोरडी ठाक. तिच्या पत्र्याला वाफ जायला बारीक भोकं असतात. तिकडे नजर गेली आणि आठवलं, नाना चष्मा काढून त्या भोकापुढे धरायचे! काचेवर दव धरलं की म्हणायचे, "अजून रडतेय ती." इतक्या वर्षांत मी विसरूनच गेलो होतो.

क्वालिटीतल्या पोराचा चष्मा मागून घेतला. धरला. काच पांढरी.

साहेबांना कळवलं, "आत्ता ओतणार नाही." बरंच ऐकून घेतलं. पॉवर कमी करून मेटल भट्टीतच धरून ठेवलं. असं ठेवलं की कार्बन घटत जातो, म्हणून दुपारी नमुना काढून कार्बन वाढवून घ्यावा लागला. गाडी अर्धीच भरून गेली.

अडीचला काच कोरडी राहिली. तरी आणखी अर्धा तास बर्नर चालू ठेवला. मग म्हणालो, "चला, ओता." पहिला साचा भरेपर्यंत तो चष्मा माझ्या मुठीतच होता.