पावसाळ्यातला तबेला: मृग ते हस्त

मृग

मावळात पहिला जोरदार पाऊस येण्याआधी ठाणाची, म्हणजे घोडा बांधायच्या जागेची, जमीन हातावेगळी करायची. साडेतीनशे किलोचा घोडा दिवसाला पंधराएक किलो लीद आणि सहा-सात लिटर मूत्र टाकतो. उन्हाळ्यात ते सुकून जातं, पावसाळ्यात तिथंच मुरतं. १२ बाय १२ फुटांच्या ठाणात मागच्या गटाराकडे साधारण तीन इंच उतार पुरतो. त्याहून जास्त दिला की घोडा सतत मागच्या पायांवर भार टाकून उभा राहतो. जिथं मुरूम काळा पडून वास मारतो, तिथला वीतभर खणून बाहेर टाकायचा, थोडा चुना भुरभुरायचा, नवा मुरूम घालून धुम्मस करायचा आणि वर रबरी मॅट अंथरायची.

वास तपासायचा तो खाली बसून. उभ्या माणसाच्या नाकाला जे कळत नाही, ते आडव्या झालेल्या घोड्याच्या नाकात रात्रभर जात असतं. गुडघ्याच्या उंचीवर डोळे चुरचुरले तर अमोनिया वाढला आहे, आणि पावसाळ्यात घोडे खोकतात त्यामागे बऱ्याचदा गारव्यापेक्षा हा अमोनिया आणि बुरशीची धूळ असते. म्हणून पाऊस आत येतो या भीतीनं चारी बाजूंनी ताडपत्री बांधून ठाण कोंडू नये. वाऱ्याची एक बाजू बंद, समोरची उघडी, आणि पत्र्याखाली हातभर झरोका.

अंथरायला इथं भाताचा पेंढा सहज मिळतो. पण खादाड घोडा तो रात्रभर चघळतो. त्यात पोषण कमी, पचायला जड, आणि गारव्यात घोडा पाणीही कमी पितो. पोट गच्च होऊन दुखायला एवढं पुरतं. अशा घोड्याला लाकडाचा जाडसर भुसा बरा. पाणी कमी पीत असेल तर चंदीत, म्हणजे दाण्याच्या खुराकात, रोज ३० ग्रॅम साधं मीठ घालावं आणि बादलीतलं पाणी कोमट करून द्यावं. दिवसाला २५ लिटरच्या खाली पाणी गेलं की माझं लक्ष लिदीकडे लागतं: गोळे छोटे, कोरडे, वर चिकट पापुद्रा असे दिसले तर ती पोट गच्च होण्याची आगाऊ सूचना आहे.

आर्द्रा

डोंगर हिरवे झाले की घोडे बांधावर हावरट होतात. त्यांचं ते ओठांनी कोवळी हरळी निवडणं आणि कचाकच तोडण्याचा आवाज ऐकत तासन्‌तास उभं राहावंसं वाटतं. पण पहिले दोन-तीन दिवस २० मिनिटांच्या वर चरू देऊ नये. घोड्याच्या मोठ्या आतड्यातले जंतू जुन्या वैरणीला सरावलेले असतात, नव्या हिरव्या चाऱ्याला जुळायला त्यांना आठ-दहा दिवस लागतात. घाई केली तर पातळ लीद, वायू, आणि नशीब वाईट असेल तर खुराच्या आतला दाह, म्हणजे लॅमिनायटिस. चरायला सोडण्याआधी पोटात सुका चारा असावा.

वजनाचा अंदाज डोळ्यांनी घेणारे बहुतेक जण ५० किलोंनी तरी चुकतात. टेलरची टेप घ्या. छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये, तो स्वतःशी गुणायचा, मग खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतच्या लांबीनं गुणायचं आणि ११,८८० नं भागायचं. घेर १६५, लांबी १५५ असेल तर उत्तर ३५५ किलो. या घोड्याला दिवसाला वजनाच्या दोन टक्के, म्हणजे सात किलो सुका चारा हवा. हिरव्या चाऱ्यात बहुतेक पाणीच असतं, त्यामुळे एक किलो सुक्याऐवजी हिरवा साधारण पाच किलो धरावा. चंदी एका वेळी दीड किलोच्या वर नको. घोड्याचं जठर शरीराच्या मानानं लहान असतं आणि त्याला उलटी करता येत नाही. जास्त दाणा द्यायचाच असेल तर खेपा वाढवायच्या.

आता ज्यावर मी भांडायला तयार आहे ते. पावसाळाभर घोड्याला नुसतं नेपियर गवत आणि गव्हाचा कोंडा घालायची पद्धत मला पटत नाही. नेपियरमध्ये ऑक्झलेट भरपूर असतं, ते चाऱ्यातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. कोंड्यात फॉस्फरस जास्त, कॅल्शियम नगण्य. दोन्ही मिळून शरीराला कॅल्शियम हाडांतून ओढावं लागतं. आधी चालीत न समजणारा लंगडेपणा येतो, काही महिन्यांनी चेहऱ्याची हाडं नाकाच्या दोन्ही बाजूंना फुगतात. तोवर उशीर झालेला असतो. रोज पाच-सहा किलो हिरवा लसूणघास मिसळला, कोंडा मूठभरावर आणला आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानं कॅल्शियमयुक्त खनिज मिश्रण दिलं की हा प्रश्न उभा राहत नाही.

बुरशी लागलेला मका कुठल्याही भावानं मिळाला तरी घोड्यापुढे ठेवायचा नाही. गाई-म्हशींना तो कदाचित पचेल, घोड्याच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो आणि त्यावर इलाज नाही. कुंपणाला कण्हेर असेल तर ती मुळासकट काढायची, छाटलेल्या फांद्याही आवारात ठेवायच्या नाहीत.

पुनर्वसू

तरणा पाऊस. सगळं लक्ष खुरांवर.

दिवसातून दोन वेळा चारही पाय उचलायचे. खुरखुंटीचं, म्हणजे खूर कोरायच्या आकड्याचं, टोक टाचेकडून पुढे न्यायचं, फ्रॉगच्या दोन्ही बाजूंच्या खाचा नीट रिकाम्या करायच्या. फ्रॉग म्हणजे तळव्यावरचा तो रबरी त्रिकोण. तो घट्ट, करडा आणि बिनवासाचा असेल तर ठीक. काळा चिकट मळ आणि कुजका वास आला तर थ्रश, म्हणजे फ्रॉग कुजणं, सुरू झाला. हवा न लागणाऱ्या ओल्या खाचेत जंतू वाढतात, त्यामुळे औषधापेक्षा आधी खाच उघडी आणि कोरडी करणं महत्त्वाचं. ब्रश, स्वच्छ पाणी, कापडानं पूर्ण कोरडं, मग पोव्हिडोन आयोडिन. मधली खाच खोल गेली असेल तर आयोडिनचा कापूस त्यात दाबून ठेवायचा आणि रोज बदलायचा. मोरचूद लावणारे बरेच आहेत. कुजलेल्या भागावर ते चालतं, पण लालसर जिवंत मांस दिसत असेल तिथं लावू नये, भाजतं. ओल्या खुराला तेल चोपडणं तर साफ बंद: ओल आतच कोंडली जाते.

नालबंदाची खेप पाच-सहा आठवड्यांनी हवीच. खूर महिन्याला पाऊण ते एक सेंटीमीटर वाढतो, आणि पाण्यानं मऊ झालेल्या खुराच्या भिंतीत खिळे सैल पडतात. बाहेर मुरडलेली खिळ्यांची टोकं बोटाला टोचू लागली की नाल हलायला लागला समजावं. नाल मारताना खिळा तळव्याच्या कडेनं दिसणाऱ्या पांढऱ्या रेषेच्या बाहेरच्या टणक भिंतीतच जायला हवा. आत गेला तर घोडा तिथंच पाय झटकतो किंवा एक-दोन दिवसांत लंगडतो. चांगला नालबंद प्रत्येक ठोक्याचा आवाज ऐकत असतो, टणक भागात खिळा शिरताना आवाज खणखणीत येतो. अशा माणसाची वेळ सांभाळावी, त्याला घोडा स्वच्छ कोरड्या पायांनी द्यावा आणि चहा आधी द्यावा. हे लोक आता फार थोडे उरलेत.

कालपर्यंत ठीक असलेला घोडा आज पाय टेकवायलाच तयार नसेल, तर नव्वद टक्के मंडळी खांदा चोळत बसतात. आधी खूर पाहावा. घोट्याच्या मागे दोन्ही बाजूंना बोट ठेवलं तर नाडी ठणठण लागते का, खूर गरम आहे का? असेल तर आत पू झाला असण्याची शक्यता मोठी. नालबंद किंवा डॉक्टर तो उघडून देतील, नंतर कोमट पाण्यात एप्सम सॉल्ट घालून पाय बुडवायचा. धनुर्वाताची लस झालेली आहे ना, हे त्याच दिवशी वहीत तपासायचं.

पुष्य

म्हातारा पाऊस, सलग झड. स्वारी बंद. पंचांगात नक्षत्राचं वाहन घोडा आलं की डोंगरभागात पाऊस होतो म्हणतात. आमच्याकडे वाहन कुठलंही असो, पाऊस डोंगरातच असतो.

काम थांबलं की चंदी त्याच दिवशी निम्मी करायची. हा नियम जुन्या पागांमध्येही होता आणि त्यामागे कारण आहे. पूर्ण दाणा खाऊन दोन दिवस उभ्या असलेल्या घोड्याला तिसऱ्या दिवशी एकदम दौडवलं तर मांड्यांचे स्नायू आखडतात, घाम फुटतो, मूत्र कॉफीच्या रंगाचं होतं. अशा घोड्याला चालवत घरी आणू नये. जिथं आहे तिथं उभा ठेवून डॉक्टरांना बोलवावं.

झडीच्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ अर्धा तास हातानं चालवणं आणि भरपूर खरारा. घोडेस्वारीचा खरा आनंद खोगिरावर असतो असं समजणाऱ्यांनी एक पावसाळा खरारा करून पाहावा. डाव्या बाजूनं मानेपासून सुरुवात, रबरी खराऱ्यानं गोल हात, मांसल भागावर जोर, हाडांवर फक्त मऊ ब्रश. मग मानेच्या बुडाशी, आयाळ संपते तिथं, बोटांनी खोल खाजवायचं. घोडे एकमेकांना दातांनी इथंच खाजवतात, आणि तिथं खाजवल्यावर त्यांच्या हृदयाचे ठोके खरोखर मंदावतात. वरचा ओठ लांब होऊन थरथरतो, मान वाकडी होते, काही घोडे वळून आपल्याच खांद्याला खाजवायला लागतात. खालचा ओठ लोंबला, एक मागचा पाय सैल पडला की समजावं, जमलं.

याच हातांना पाठीवरचे खवले सापडतात. ओल्या कातडीत होणारा हा संसर्ग केसांचे पुंजके उभे करतो, खाली गुलाबी ओलसर जागा असते. पायांवर, घोट्याच्या मागे तोच चिखल्यांसारखा दिसतो. रोज पाय धुणं हे यावरचं औषध नव्हे, उलट कारण आहे. चिखल वाळू द्यावा, मग ब्रशनं झाडावा. ओल्या पाठीवर खोगीर कधीही कसू नये. खोगिराखालचे नमदे तीन तरी हवेत, झडीत एक वाळायला दोन दिवस घेतो. चामड्याचं सामान ग्लिसरीन साबणानं पुसून सावलीत टांगायचं. चुलीजवळ वाळवलेला तंग, म्हणजे खोगिराचा पोटपट्टा, वरून छान दिसतो आणि शिवणीत तडकतो.

मघा

ऊन-पाऊस, आणि माशा. चावऱ्या गोमाशा सर्रा हा रक्तातला आजार पसरवतात. एका आजारी जनावराचं रक्त लागलेलं तोंड त्या दुसऱ्याला टोचतात. ताप येतो, दोन-चार दिवसांनी उतरतो, पुन्हा येतो. घोडा खातो पण वाळत जातो, पोटाखाली आणि पायांवर सूज, मागचा भाग डळमळीत. ताप असताना रक्त तपासलं तर निदान लवकर होतं. म्हणून गुदद्वारातलं तापमान रोज सकाळी, कामाआधी, वहीत लिहावं. ३७.२ ते ३८.३ अंश सेल्सिअस ठीक. नाडी जबड्याच्या हाडाच्या आतल्या कडेला, विश्रांतीत मिनिटाला २८ ते ४४. श्वास ८ ते १६. हिरडी दाबून सोडली की दोन सेकंदांच्या आत रंग परत. हे आकडे पुस्तकात सर्वांना सारखे, पण आपल्या घोड्याचा नेहमीचा आकडा ३२ असेल तर ४४ हा त्याच्यासाठी आजाराचा असू शकतो. हे फक्त वही सांगते.

पोट दुखायला लागलं तर: पुढचा चारा काढून घ्यायचा, वेळ लिहायची, नाडी मोजायची, बरगडीच्या मागे दोन्ही कुशींना कान लावायचा. गुडगुड ऐकू येत नसेल किंवा नाडी ६० च्या वर असेल तर डॉक्टर ताबडतोब. बांबूच्या नळकांड्यानं किंवा बाटलीनं तेल, हिंगाचं पाणी पाजायचं नाही. घोडा ठसकतो, तेल फुप्फुसात जातं, आणि पोटदुखीतून वाचलेला घोडा न्यूमोनियानं जातो. तेल द्यायचं ते डॉक्टरांनी नाकातून जठरापर्यंत नळी घालून.

हस्त

दसरा जवळ आला. खंडेनवमीला खोगीर, लगाम, रिकिबी मांडून पूजा होते, त्याआधी प्रत्येक शिवण ओढून पाहायची. गोंडे, माळा हव्या तेवढ्या, फक्त गुलाल डोळ्यांपासून दूर आणि डीजेच्या भिंतीसमोर घोडा उभा करायचा नाही.

स्वारीला पुन्हा सुरुवात. पहिला आठवडा फक्त चाल, ३० ते ४० मिनिटं. दुसऱ्यात मध्येमध्ये दोन-दोन मिनिटं दुडकी. चौथ्या आठवड्याआधी दौड नको: दम लवकर परत येतो, पायांच्या शिरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या, मागे राहतात. काळ्या जमिनीतून अजून जाऊ नये, चिखल नाल ओढून काढतो आणि शिरेला झटका बसतो. ओल्या डांबरावर लोखंडी नाल घसरतो, तिथं लगाम ढिला ठेवून चालच बरी. उत्तम जागा म्हणजे पाणी निथळलेली मुरमाची गाडीवाट. तिथं दुडकीचे दोन ठोके स्वच्छ ऐकू येतात, आणि एखादा मारवाडी जातीचा घोडा रेवालात, म्हणजे त्याच्या खास संथ चालीत, लागला तर हातातली पाण्याची बाटली हिंदकळत नाही. कान पुढे, नाकातून ताल धरून फुरफुर, पाठ आपल्या खाली वर आलेली. चार महिने चोळलेल्या स्नायूंचं काम आता थेट बसायच्या जागेला कळतं.

परतताना शेवटची दहा मिनिटं तंग एक भोक सैल करून चालतच यायचं. उतरल्यावर दहा मिनिटांनी नाडी ६० च्या खाली आली असेल तर पुढच्या आठवड्यात पाच मिनिटं वाढवायला हरकत नाही. नसेल तर याच आठवड्याचं काम पुन्हा. मग पुढच्या पायांच्या शिरांवरून दोन्ही हात एकाच वेळी खाली न्यायचे, गरमपणात फरक लागतो का पाहायचं, आणि पाणी पाजून सुकं गवत टाकायचं. चंदी तासाभरानं.