तुम्ही विचारलंत म्हणून: उतारवयात प्रतिकारशक्तीसाठी काय खावं?

‘बाबांना सारखी सर्दी होते, खोकला महिनाभर रेंगाळतो. प्रतिकारशक्ती वाढवायला त्यांना काय देऊ?’ असं विचारणाऱ्याला बहुतेक वेळा एखाद्या फळाचं नाहीतर गोळीचं नाव हवं असतं. त्याआधी एक गोष्ट बघायला हवी, ती म्हणजे गेल्या सहा महिन्यांत त्यांचं वजन किती उतरलं. काही न ठरवता सहा ते बारा महिन्यांत पाच टक्के वजन घटलं (म्हणजे ६० किलोच्या माणसाचं ३ किलो), तर आधी डॉक्टर गाठावेत. अशा माणसाच्या पोटात मुळात पुरेसं अन्नच जात नसेल, तर जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनी फारसं काही साधत नाही.

छातीच्या मधल्या हाडामागे थायमस ग्रंथी असते. टी-पेशींची, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींची, घडण तिथे होते. वयात आल्यापासूनच ती आक्रसत जाते आणि तिच्या जागी चरबी येते. म्हातारपणी नव्या टी-पेशी फार थोड्या तयार होतात, म्हणून अनोळखी जंतूशी लढणं जड जातं आणि लशीचा परिणामही तरुणांपेक्षा कमी दिसतो. जोडीला शरीरात मंद दाह कायम धुमसत राहतो. हे वय अन्नाने मागे फिरत नाही. मात्र त्यावर कमतरतेची भर पडली असेल, तर ती भरून काढता येते. आहाराचं काम मुख्यतः एवढंच, आणि ते लहान नाही.

पहिली कमतरता प्रथिनांची. प्रतिपिंडं (अँटिबॉडीज, जंतूंना निकामी करणारे रक्तातले रेणू) म्हणजे प्रथिनंच. शिवाय आजारपणात पांढऱ्या पेशींना लागणारं ग्लुटामिन (प्रथिनांचा एक घटक) स्नायूंतून येतं, त्यामुळे स्नायू झडलेला माणूस साध्या तापानेही खचतो. प्रौढांसाठी किलोमागे ०.८ ग्रॅम प्रथिनं सांगतात, पण पासष्टीनंतर १ ते १.२ ग्रॅम धरावीत. ६० किलोला ६० ते ७२ ग्रॅम. आजारपणात याहून जास्त लागतात. मूत्रपिंडाचा गंभीर विकार असेल, तर मात्र हा आकडा डॉक्टरांनीच ठरवावा.

गडबड होते ती वाटणीत. सकाळी चहा-ब्रेड, दुपारी बरं जेवण, रात्री ‘हलकं’ म्हणून सूप. वय झालेल्या स्नायूंना एका वेळी २५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळाली, तर ती नीट कामी लागतात. सूपाच्या वाटीतून त्यातली थोडीच येतात. हिशेब असा: एका अंड्यात ६ ग्रॅम, २०० मिली दुधात साधारण साडेसहा, ३० ग्रॅम कोरड्या डाळीत सुमारे ७, शिजलेल्या १०० ग्रॅम मासळीत किंवा चिकनमध्ये २० ते २५. म्हणजे न्याहारीला दोन अंडी आणि दूध घेतलं तरी १८-१९ ग्रॅमच होतात. दात नसल्यामुळे खाणं सुटलं असेल, तर कवळी नीट बसवून घेणं हाच आहारातला पहिला बदल.

जस्ताची (झिंकची) गरज रोज ८ ते ११ मिलिग्रॅम. ते धान्य-कडधान्यांत असतं, पण त्यांतलाच फायटेट नावाचा घटक त्याला धरून ठेवतो. भिजवणं, मोड आणणं, आंबवणं यांनी ती पकड सैल होते. ‘सर्दीवर चांगलं’ म्हणून ५० मिलिग्रॅमची गोळी महिनोन्‌महिने घेणारे बरेच असतात. वरची मर्यादा ४० आहे. जास्त जस्तामुळे तांबं शोषलं जात नाही, मग रक्तक्षय होतो आणि पांढऱ्या पेशीही घटतात. म्हणजे ज्यासाठी गोळी घेतली त्याच्या नेमकं उलट.

ड जीवनसत्त्व वयस्क त्वचेत कमी तयार होतं. सत्तरीनंतर रोज ८०० युनिट पुरतात. वर्षातून एकदाच पाच लाख युनिटचा डोस दिलेल्या वृद्ध स्त्रियांमध्ये पडणं आणि हाडं मोडणं वाढलेलं आढळलं, तेव्हा रोजचा लहान डोस बरा. बी-१२ची तपासणी करून घ्यावी, विशेषतः मधुमेहावरचं मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील तर.

भाज्या-फळांचा उपयोग होतो का? ६५ ते ८५ वयाच्या लोकांवरच्या एका चाचणीत, रोज पाच वाढप (एक वाढप साधारण ८० ग्रॅम) खाणाऱ्यांना न्यूमोनियाच्या लशीनंतर प्रतिपिंडं जास्त आली; तुलनेचा गट दोन किंवा त्याहून कमी वाढप खाणारा होता. धनुर्वाताच्या लशीत तसा फरक दिसला नाही. वॉरफरिन (रक्त गोठू नये म्हणून दिलं जाणारं औषध) घेणाऱ्यांनी पालेभाज्या बंद करायची गरज नसते, पण प्रमाण रोज सारखं ठेवावं.

उपासाने थायमस सुधारते, असंही ऐकायला मिळतं. अमेरिकेतल्या एका चाचणीत दोन वर्षं सुमारे १४ टक्के कॅलरी कमी खाणाऱ्यांमध्ये तसं दिसलं खरं, पण ती धडधाकट, पन्नाशीच्या आतली माणसं होती. बारीक झालेल्या पंचाहत्तरीच्या माणसाला उपाशी ठेवायला तो आधार होत नाही.

शिळ्या अन्नाकडेही बघा. वयानुसार पोटातलं आम्ल कमी होऊ शकतं, आणि लिस्टेरिया हा जंतू फ्रिजमध्येही वाढतो. शिजवलेलं अन्न दोन तासांत ५ अंशांखाली ठेवावं, खाताना वाफा निघेपर्यंत आतपर्यंत गरम करावं, आणि कच्चं दूध टाळावं.